माइक बंद ठेवणारा चौथा भिडू

*ताई, नमस्कार.*

*मी वीस वर्षांचा आहे, डोंबिवलीला राहतो, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चार मित्र रोज रात्री दहानंतर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा टीमने लढायचा गेम) खेळतो. तिघं माइक चालू ठेवून बोलतात, मी फक्त ऐकतो. आमचं घर वन रूम किचन. बाबांची पहाटे पाचची ड्यूटी असते, ते साडेनऊलाच झोपतात आणि मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून खेळतो. म्हणून माइक बंद. शत्रू दिसला की गेममध्ये त्या जागी निशाणी लावतो, मेसेज टाकतो. चौघांत माझा नेम सगळ्यात चांगला आहे, हे तिघंही मानतात.*

*गेल्या आठवड्यात शेवटच्या झोनमध्ये (खेळायची जागा आकसत जाऊन उरते त्या वर्तुळात) मागच्या टेकडीवरून दोघं येताना मला दिसले. मी सांगू शकलो नाही. आम्ही तिसरे आलो. त्यावरून ग्रुपवर भांडण झालं. सौरभ म्हणाला, माइक नसेल तर टीम गेम खेळूच नये, सोलो खेळ. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या फेस्टमध्ये स्पर्धा आहे आणि माझ्या जागी दुसऱ्याला घ्यायचं म्हणतायत. प्रतीक तेवढा काही बोलला नाही. तो एरवीही माझं पूर्ण ऐकून घेतो.*

*तसं माझं बोलणं मधूनच अडकतं, लहानपणापासून. पण तो विषय वेगळा.*

*टीम गेमला व्हॉइस चॅट लागतोच का, एवढंच सांगा.*

*— चौथा*

प्रिय भिडू,

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते, मग न विचारलेल्याकडे येते.

व्हॉइस चॅट लागतोच असं नाही. टीमला लागते खबर. कोण कुठे आहे, किती जण आहेत, आपण पुढे जायचं की दबून बसायचं. ही खबर वेळेवर चौघांना मिळाली की काम झालं. मग ती तोंडाने सांगितलेली असो, बोटाने दाखवलेली असो की नकाशावरच्या ठिपक्याने. पण खबर पोचलीच नाही, तर सौरभचा राग निम्मा तरी रास्त आहे. टेकडीवरचे ते दोघं चौघांपैकी तुला एकट्याला दिसले होते आणि ते तुझ्यापाशीच राहिलं. एवढं त्याच्या बाजूने मान्य करू. "टीम गेम खेळूच नये" हे मात्र मला अजिबात मान्य नाही. का, ते सांगते.

मी पुण्यात सहा वर्षं पथकात ढोल वाजवला. पन्नास ढोल आणि पंधरा ताशे एकदम सुरू झाले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. पुढे उभा असलेला आमचा दादा हात वर करून बोटं दाखवायचा. दोन बोटं म्हणजे दुसरा हात, तीन बोटं म्हणजे तिसरा, मूठ मिटली की थांबायचं. मागच्या रांगेला दादाचा हात दिसायचा नाही, म्हणून मधल्या रांगेतली एक मुलगी तोच हात पुन्हा वर करायची. अलका टॉकीजच्या चौकात पन्नास टिपरू एका ठोक्यावर थांबत आणि त्यासाठी कुणीही एक शब्द उच्चारलेला नसायचा. पण हे मिरवणुकीच्या दिवशी आपोआप जमत नव्हतं. त्याआधी दोन-अडीच महिने नदीपात्रात रोज संध्याकाळी तोच सराव केलेला असायचा. मूठ मिटली म्हणजे काय, हे सगळ्यांचं आधी ठरलेलं होतं. तुमच्या चौघांचं काय ठरलंय? पत्र तीनदा वाचलं, मला ते कुठे सापडलं नाही. तिघं बोलतात, तू ऐकतोस आणि निशाणी लावतोस. त्या निशाणीचा अर्थ काय, हे कुणी कधी ठरवलंय का?

खेळ बनवणाऱ्यांनीही यावर पुष्कळ डोकं लावलंय. मी २००३ च्या सुमारास सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक हा टीमने खेळायचा गोळीबाराचा गेम खेळायचे. झेड, एक्स आणि सी या तीन बटणांवर रेडिओचे हुकूम असायचे. बटण दाबून आकडा दाबला की आपला गडीच बोलायचा: शत्रू दिसला, मला आड द्या, चला. एकाच खोलीत बसून एकमेकांना ओरडून सांगता येत होतं, तरी आम्ही ते हुकूम वापरायचो, कारण शेजारच्या रांगेत विरुद्ध टीम बसलेली असायची. त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबर २००२ मध्ये, एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, ऑनलाइन खेळायची एक्सबॉक्स लाइव्ह ही सोय सुरू झाली आणि त्याच्या खोक्यातच कानाला लावायचा माइक मिळायचा. ऑनलाइन खेळायचं म्हणजे बोलायचंच, ही सवय कन्सोलवाल्यांना पहिल्यापासून लागली ती तशी.

पण त्यानंतरही दुसरी वाट चालूच राहिली. २००९ साली आलेल्या लीग ऑफ लेजंड्समध्ये पाच-पाच जणांच्या टीम असतात आणि गेममधला व्हॉइस चॅट त्यात आला थेट २०१८ मध्ये, तोही फक्त आपल्या पार्टीतल्यांशी, म्हणजे ज्यांच्यासोबत गट करून आलो त्यांच्याशी, बोलण्यापुरता. तोवर अनोळखी लोकांसोबत सगळं चाललं ते नकाशावरच्या खुणांवर आणि टाइप केलेल्या दोन शब्दांवर. निन्टेंडोचा स्प्लॅटून २०१५ चा, चार विरुद्ध चार, प्रचंड धावपळीचा. त्यात बोलायची सोयच ठेवली नव्हती. "इकडे या" आणि जिंकल्यावरची आरोळी, असे दोनच इशारे होते. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजंड्सने तर एका बटणाची भाषाच तयार केली. बंदुकीकडे रोखून बटण दाबलं की बंदुकीची खूण होते, दोनदा दाबलं की शत्रूची, आणि तुमचं पात्रच ते बाकीच्या दोघांना बोलून दाखवतं. त्यानंतर अशा खुणा कुठल्या कुठल्या गेममध्ये पोचल्या, ते तुझ्याच फोनवर दिसतं. तू जी निशाणी लावतोस ती याच घरातली. तो कमीपणा नाहीये, ती शिकून घ्यायची भाषा आहे.

आता दुसरी बाजूही नीट सांगायला हवी, नाहीतर तुला बरं वाटावं म्हणून मी बोलतेय असं होईल.

खुणेने "काय" आणि "कुठे" सांगता येतं. "मग आपण काय करायचं" हे सांगताना खूण तोकडी पडते. "मी पुढून गोळ्या झाडून त्यांना गुंतवतो, तू ओढ्यातून मागे जा, मी म्हणेन तेव्हा ग्रेनेड टाक" हे एका ठिपक्यात बसत नाही. आणि "आत्ता नको, थांब" हे तर अजिबात नाही. मी हल्ली भाच्याबरोबर व्हॅलोरंट खेळते, पाच विरुद्ध पाचचा गोळीबाराचा गेम. त्यात स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावला की ४५ सेकंदांत फुटतो आणि तो निकामी करायला ७ सेकंद लागतात. त्या ४५ सेकंदांत कोण दार धरणार आणि कोण स्पाइकवर बसणार, हे ज्या टीमचं बोलून ठरतं ती टीम बहुतेक वेळा पुढे राहते. वरच्या रँकला तर बोलल्याशिवाय निभत नाही. म्हणून सौरभला बोलणं हवंय यात काही चूक नाही. तो जिंकायला बसलाय आणि तूही जिंकायलाच बसतोस.

पण त्याच व्हॅलोरंटमधली एक रीत बघ. टीममधले चौघं मेलेत, एकटा जिवंत आहे, समोर दोघं आहेत. अशा वेळी जाणते खेळाडू काय करतात? गप्प बसतात. चौघांनाही पडद्यावर सगळं दिसत असतं, सांगावंसं वाटत असतं, तरी तोंड मिटून बसतात, कारण त्या एकट्याला पावलांचा आवाज ऐकू यायला हवा. ज्या लोकांना माइकशिवाय खेळणं कल्पनेतही सहन होत नाही, तेच लोक सगळ्यात अटीतटीच्या क्षणी शांतता मागतात.

मी एका रविवारी भाच्याच्या मागे वही घेऊन बसले. तो आणि त्याचे तीन मित्र बीजीएमआयच खेळत होते, चौघांचेही माइक चालू. कुणी कामाचं बोललं की एक रेघ ओढायची, असं ठरवलं. पोचिंकी या गेममधल्या गावात ते एका दुमजली घरात शिरले आणि जिन्यावर कुणीतरी असल्याचा सुगावा लागला. त्यानंतरचं मी जसंच्या तसं लिहून घेतलं: "अरे इथे आहे, इथे आहे! मागे बघ! कुठे? अरे इथेच! मारला मारला, नाही, लागली फक्त. भाई मी गेलो. रिवाइव्ह दे. अरे कसा गेलास? तू बघत काय होतास?" एवढ्या बोलण्यात "इथे" म्हणजे कुठे, ते एकानेही सांगितलं नाही. चौघं बोलत होते आणि जिन्यावरची पावलं कुणालाच ऐकू आली नाहीत. माझ्या वहीवर त्या मॅचच्या रेघा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. त्यातली सगळ्यात चांगली रेघ एका मुलाची होती, जो एरवी गप्पच होता. तो म्हणाला, "दोनशे दहा, लाल गाडी, एक." पडद्यावर वर जे होकायंत्र असतं त्यावरचा आकडा, एक खूण, एक संख्या. पाच शब्द. बाकी तिघांच्या बंदुका एकाच वेळी वळल्या.

ती वही मी जपून ठेवलीय. माइक चालू असणं आणि बोलणं उपयोगाचं असणं, या दोहोंत किती अंतर असतं, ते त्या पानावर आहे. तुझ्या त्या तिघांनाही एक मॅच रेकॉर्ड करून पुन्हा ऐकायला सांग. भांडण म्हणून नको, सराव म्हणून सांग.

बाबांचं म्हणशील तर त्यात चर्चाच नको. पहाटे पाचच्या ड्यूटीला जाणाऱ्या माणसाची झोप कुठल्याही रँकपेक्षा मोठी आहे, आणि तू ती सांभाळतोस हे मला फार आवडलं. कुजबुजून बोलायचा प्रयत्नही करू नकोस. घसा ताणला जातो, माइक पंख्याची घरघर उचलतो आणि वन रूम किचनमध्ये कुजबुज जास्तच ऐकू येते. दोन बारीक गोष्टी तेवढ्या सांगते. ब्लूटूथचे इअरफोन वापरत असशील तर वायरचे घे. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि माइक उघडला की बऱ्याच इअरफोनचा आवाज फोन कॉलसारखा पातळ होतो, मग पावलांची दिशा कळत नाही. आणि नकाशाच्या कोपऱ्यात पावलांच्या आणि गोळीबाराच्या ज्या खुणा उमटतात, त्यांच्याकडे तू इतरांपेक्षा जास्त लक्ष देऊ शकतोस, कारण तू बोलण्यात गुंतलेला नसतोस. फोर्टनाइटमध्ये तर आवाज डोळ्यांना दिसावा अशी वेगळी सोयच दिलेली आहे, ऐकू न येणारी मुलंही त्यावर खेळतात.

आता तुझ्या त्या दोन ओळींकडे येते.

तू लिहिलंयस, "मी सांगू शकलो नाही." माइक बंद होता, असं नाही लिहिलंस. एरवी तू निशाणी लावतोस, मेसेज टाकतोस. त्या वेळी निशाणी लावायला एक बोट पुरलं असतं आणि ते तुला चांगलंच माहीत आहे. मला असं दिसतं की त्या रात्री तू माइक उघडलास. "मागे" म्हणायचं होतं आणि तो "म" ओठांवरच मिटून राहिला. आणि तो सुटेपर्यंत निशाणीचंही भान राहिलं नाही. माझं चुकत असेल तर सोडून दे. पण आणखी एक आहे. फेस्टच्या स्पर्धेला चौघं एका वर्गात, एका बाकावर शेजारी शेजारी बसणार. तिथे बाबा झोपलेले नसणार. ती तारीख जवळ येतेय म्हणूनच हे पत्र आलं, असं मला वाटतं.

म्हणून तो विषय वेगळा नाही, बाळा. आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाचं बोलणं असं अडकतं, बायकांपेक्षा पुरुषांचं जास्त. ते भित्रेपणामुळे होत नाही, आईबाबांच्या चुकीमुळे होत नाही, अक्कल कमी असल्यामुळे तर नाहीच नाही. मेंदूकडून बोलण्याच्या स्नायूंकडे जी जुळवाजुळव होते तिची ती वेगळी घडण आहे आणि पुष्कळदा ती घराण्यातही असते. घाई झाली, कुणी डोळे रोखून वाट बघत बसलं, की अडकणं वाढतं. आरती सगळ्यांबरोबर म्हणताना बहुतेकांचं अडत नाही, एकट्याने स्वतःचं नाव सांगताना अडतं. मग विचार कर, दोन सेकंदांत बोललं नाही तर मित्र मरणार, अशी घाई ज्या खेळात क्षणोक्षणी असते, तिथे तुझा "म" अडकला यात नवल काय? ज्यांचं कधीच अडत नाही त्यांनाही तिथे "इथे, इथे" यापलीकडे शब्द सापडत नाहीत. पोचिंकीच्या जिन्यावर मी ते ऐकलंय.

तू माइक बंद ठेवतोस तेव्हा दोन गोष्टी एकदम झाकतोस. एक बाबांच्या झोपेची, ती खरीच आहे. दुसरी या "म"ची. पहिली सगळ्यांना सांगितलीस, दुसरी कुणालाच नाही. त्यामुळे सौरभला वाटतं, याला टीमची पर्वा नाही. त्याला जे माहीत नाही त्यावर तो रागावलाय. लहानपणापासूनचे मित्र असते तर त्यांना न सांगता कळलं असतं. हे कॉलेजमधले दिसतात, आणि जो थोडकंच बोलतो त्याचं अडकणं लोकांच्या लक्षात येत नाही, त्याचं गप्प बसणं तेवढं लक्षात येतं.

तुला सांगायची सक्ती नाही. अनोळखी टीममध्ये गेलास तर तिथे कुणालाच काही सांगू नकोस. माइक बंद ठेव, कुणी शिव्या दिल्या तर त्याचा आवाज बंद कर आणि खेळ. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली हेच करतात. त्यांचा आवाज ऐकला की समोरून काय काय येतं, ते मी स्वतः ऐकलंय, आणि ज्या खेळात बोलल्यावरच खेळता येतं तो त्यांच्यासाठी अर्धा बंदच असतो. पण हे तिघं अनोळखी नाहीत. रोज रात्री तास-दोन तास ज्यांच्यासोबत बसतोस त्यांना हे सांगावं, असं मला मनापासून वाटतं. आणि तोंडी सांगायला हवं असंही नाही. लिहून सांग. असं काहीतरी:

"सौरभ, त्या दिवशी मागून आलेले मला दिसले होते. माइक उघडला, पण शब्द अडकला. माझं बोलणं लहानपणापासून असं मधूनच अडकतं, घाईत जास्त. मी मुद्दाम गप्प बसत नाही. घरी बाबा झोपलेले असतात हेही खरंच. मला टीममध्ये राहायचंय. निशाणीचे अर्थ आपण चौघांनी ठरवू आणि एक आठवडा तसं खेळून बघू. मी बोलत असेन तेव्हा माझा शब्द तुम्ही पूर्ण करू नका, एवढंच."

ती शेवटची ओळ गाळू नकोस. लोक चांगल्या मनानेच शब्द पूर्ण करतात, "आरामात बोल" म्हणतात, "दीर्घ श्वास घे" म्हणतात. बोलणाऱ्याला त्याचा त्रासच होतो. थांबून ऐकणं एवढं एकच लागतं, आणि तुझा प्रतीक ते आधीपासून करतोय असं तूच लिहिलंयस.

निशाणीचं कसं ठरवायचं? थोडक्यात ठरवा, जास्त केलंत तर कुणाच्याच लक्षात राहणार नाही. शत्रूची निशाणी एकदा लागली म्हणजे दिसला. त्याच जागी पुन्हा लागली म्हणजे आपल्याकडे येतोय, सगळं सोडून तिकडे वळा. गेममध्ये आधीच आवाज भरलेले जे झटपट मेसेज असतात त्यांतले तीनच निवडा आणि अंगठ्याला सवय होईपर्यंत तेवढेच वापरा. "मागे" यासाठी एक मेसेज पक्का करून टाका, दुसऱ्या कशासाठीही तो वापरायचा नाही. आणि मोठे बेत, म्हणजे कुठे उतरायचं, गाडी कोण शोधणार, झोन लांब पडला तर कुठल्या बाजूने शिरायचं, हे मॅचच्या सुरुवातीला विमानात असतानाच ठरवा. तेव्हा घाई नसते, तेव्हा तूही बोलू शकशील किंवा आरामात टाइप करशील. बीजीएमआयमधला एरँगल हा नकाशा आठ किलोमीटर लांब आणि आठ रुंद आहे, त्यावर शंभर जण उतरतात. पहिल्या दहा मिनिटांत बोलायला भरपूर सवड असते. त्या सवडीत नुसता टाइमपास होतो आणि खरी खबर लढाईत कोंबली जाते, हीच बहुतेक टीमची रड आहे.

आणि लढाईतलं बोलणं चौघांचंही "दोनशे दहा, लाल गाडी, एक" एवढंच ठेवा. मित्रांना हे तुझ्यासाठी करतोय असं वाटायला नको, आठवड्यात त्यांचंच त्यांना कळेल. असं आखूड बोलणं ठरलं की तुलाही कधीमधी माइक उघडावासा वाटेल. अडलं तर अडू दे. आकडा अर्ध्यावर राहिला तर निशाणी आहेच. एक मात्र करू नकोस. जो शब्द अडतो तो कायमचा टाळून दुसरा वापरायची सवय लावू नकोस. खेळात सगळ्यांचे मिळून सांकेतिक शब्द असतील तर हरकत नाही, पण तू एकटाच शब्द चुकवत राहिलास तर टाळायच्या शब्दांची यादी वाढतच जाते.

स्पर्धेचं सांगते. आयोजकांना आधी विचारून घे की टीमला एकत्र बसवणार ना. बसवत असतील तर ती तुझ्यासाठी उत्तम गोष्ट आहे. तू सौरभच्या शेजारी बस, कारण पत्रावरून हुकूम तोच देत असावा असं दिसतं. कोपर एकदा लागलं म्हणजे मागे. पथकातल्या मिटलेल्या मुठीसारखं. भर फेस्टच्या गोंगाटात माइकवर बोलणाऱ्यांचंही एकमेकांना ऐकू येत नसेल, तेव्हा तुझं कोपर पोचलेलं असेल. हे आधी चार-पाच वेळा एकत्र बसून करून बघायला हवं, नाहीतर ऐन वेळी तो "काय रे, धक्का का देतोस" म्हणेल. शनिवार-रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमा. ज्यांचं घर मोठं आहे त्यांच्याकडे जा, बाबांच्या झोपेचा प्रश्नही सुटेल.

बोलण्याबद्दल काही करावंसं वाटलं, खेळासाठी नाही तर स्वतःसाठी, तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. वाणी आणि श्रवण याच विषयाची ती राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून चालू आहे. तिथे स्पीच थेरपिस्ट भेटतात. डोंबिवलीहून लोकलने दादर आणि तिथून वांद्रे, सुट्टीच्या दिवसांत जमण्यासारखं आहे. शिवाय द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन ही अडखळणाऱ्यांनी स्वतःच चालवलेली संघटना आहे, त्यांचे स्वमदत गट असतात. तिथे जाऊन नुसतं बसलं तरी चालतं. पण हे झाल्यावरच टीममध्ये राहायचा हक्क मिळेल, असं मनात आणू नकोस. तो हक्क तुझ्या नेमाने तू कधीच मिळवलायस.

इतकं करूनही सौरभ म्हणाला की माइकच हवा, तर त्याला जिंकण्यासाठी दुसरा भिडू हवा असेल, तो त्याचा निर्णय. वाईट वाटेल, वाटू दे. पण तो निर्णय त्याने सगळं कळल्यावर घ्यावा. आज तो अर्धवट माहितीवर घेतोय आणि ती अर्धी माहिती तुझ्याकडे आहे.

ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी प्रतीकला एकट्याला गाठ. फोनवर नको, भेटून. लेक्चर सुटल्यावर स्टेशनपर्यंत त्याच्याबरोबर चालत जा, गाडी चुकली तर चुकू दे. त्याला वरचा मेसेज वाचायला दे आणि विचार, ग्रुपवर मी टाकू की तू माझ्या शेजारी बसशील तेव्हा टाकू. मॅच कशी झाली ते मला नक्की कळव, आणि "मागे"साठी कुठला मेसेज ठरवलात तेही.

तुझी,
ताई